शिकारी तुर्गेनेव्ह

कादंबरीकार इव्हान तुर्गेनेव्ह (१८१८–१८८३) आम्हां मराठी वाचकांस अपरिचित नाहीत. परंतु पाणलाव्यांमागे हिंडणारा शिकारी आम्हांस अधिक जवळचा वाटतो. वारा सुटला की गंध विखुरतो. कुत्र्यास वाऱ्याच्या तोंडी चालवावे लागते. या रानोमाळ भटकंतीतच जमीनदारिणीच्या या मुलास भूदासांची सुखदुःखे जवळून दिसली. त्यांतून उतरलेल्या शिकारकथा १८५२ साली ग्रंथरूप झाल्या. त्याच वर्षी गोगोलवरील मृत्युलेखाचे निमित्त होऊन अटक झाली आणि मग स्वतःच्याच स्पास्कोये गावी स्थानबद्धता! भूदासमुक्ती १८६१ची. पुढील आयुष्य बहुतांशी परदेशी गेले. बाडेनच्या रानांत सोबतीस पेगास हा कुत्रा होता; जखमी सावज हुडकण्यात पटाईत. त्याच्यावरही त्यांनी लिहिले, आणि घरापासून दूर असताना लिहिले ते बहुतांशी मायभाषेत. देहावसान पॅरिसनजीक झाले. दफन मात्र पीटर्सबर्गला.