कापूर घालून प्लास्टिक घडवणारा छपाई कामगार: कोण होते जॉन वेस्ली हायट?

लेण्याद्री-ओझरच्या आरतीतला कापूर आणि जुन्नर-आंबेगावच्या शेतात अंथरलेला मल्चिंग पेपर यांचा काही संबंध आहे का? आहे. त्यासाठी दीडशे वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागेल.

जॉन वेस्ली हायट यांचा जन्म १८३७ साली न्यूयॉर्क राज्यात झाला. सोळाव्या वर्षापासून ते छपाईचं काम करू लागले. रसायनशास्त्राचं शिक्षण नव्हतं. तेव्हा बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. त्याला पर्याय शोधणाऱ्याला १० हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं आणि हायट प्रयोगांना लागले.

कापसापासून बनणारं नायट्रोसेल्युलोज तेव्हा माहीत होतं. पण द्रावकात विरघळवून वस्तू घडवली, की वाळताना ती आकसायची, तडकायची. हायट आणि त्यांचे भाऊ आयझेया यांनी त्यात कापूर मिसळला, उष्णता आणि दाब दिला. कापराचे रेणू नायट्रोसेल्युलोजच्या लांब साखळ्यांमध्ये शिरले आणि त्या साखळ्या एकमेकींवरून सरकू लागल्या. आता हा पदार्थ तापवला की मऊ होई, गार झाला की कडक. १८७० मध्ये पेटंट मिळालं. पदार्थाचं नाव पडलं सेल्युलॉइड.

त्यापासून कंगवे, दातांच्या कवळ्या आणि पुढे सिनेमाच्या रिळांची फिल्म बनली. पण ते चटकन पेट घ्यायचं. श्रेयावरून खटलाही चालला. १८८४ मध्ये न्यायालयाने मूळ शोधाचा मान इंग्लंडच्या अलेक्झांडर पार्क्स यांना दिला. हायट यांचा कारखाना मात्र सुरू राहिला. पुढे त्यांनी रोलर बेअरिंगही बनवलं. १९१४ मध्ये त्यांना पर्किन पदक मिळालं आणि १९२० मध्ये त्यांचं निधन झालं.

मग शेताशी संबंध काय? मल्चिंग पेपर सहसा पॉलिथिलीनचा असतो, खताच्या बऱ्याच गोण्या पॉलिप्रॉपिलीनच्या. भंगारात दोन्ही एकत्र वितळवले तरी ते एकजीव होत नाहीत आणि बनलेली वस्तू लवकर तुटते. म्हणून रिसायकलिंग करताना 'कम्पॅटिबिलायझर' घालतात. तेल आणि पाण्यामध्ये साबण जे काम करतो, तेच हा दोन प्लास्टिकमध्ये करतो: दोघांनाही धरून ठेवतो. कापराचं काम वेगळं होतं, तो प्लास्टिकला मऊ करायचा. पण योग्य जोडीदार मिसळला की हट्टी पदार्थही वळतो, हे हायट यांनी कारखान्यात सिद्ध केलं. शेतातलं जुनं प्लास्टिक जाळायचं की पुन्हा वापरायचं, हे आजही अशाच जोडीदारावर अवलंबून आहे.