कॉनरॅडचा 'द'

मागच्या सेमिस्टरला माझा इंग्रजीचा पेपर तपासून हातात आला तेव्हा त्यावर लाल शाईच्या एकोणीस खुणा होत्या. त्यातल्या अकरा एकाच कारणाच्या. जिथे 'द' हवा तिथे नाही, आणि नको तिथे हमखास आहे. सकाळपासून वाचतेय हे मी 'आय ॲम रीडिंग सिन्स मॉर्निंग' असं लिहिलं होतं, त्याखाली तर दोन रेघा. पहिलीपासून इंग्रजी शिकतेय, रविवारच्या इंग्रजी मिस्साला वाचन करते, आणि ही गत! खरं सांगायचं तर पुढचे दोन महिने मी इंग्रजीत एक ओळही मनाने लिहिली नाही.

नेमकं तेव्हाच वर्गात 'हार्ट ऑफ डार्कनेस' सुरू झालं, आणि पुस्तकापेक्षा मी लेखकातच जास्त अडकले.

जोसेफ कॉनरॅडचं जन्मनाव युझेफ तेओदोर कोन्राद कोझेन्योव्स्की. जन्म 3 डिसेंबर 1857, आज युक्रेनमध्ये असलेल्या बेर्दिचिवचा. घर पोलिश, कॅथलिक. वडील अपोलो कवी आणि भाषांतरकार, रशियन सत्तेच्या विरोधातले. त्यामुळे 1862 मध्ये सगळं कुटुंब उत्तरेला व्होलोग्डाला हद्दपार झालं. 1865 मध्ये आई क्षयाने गेली, 1869 मध्ये वडील. पोरगा अकरा वर्षांचा. शेक्सपिअर त्याला पहिल्यांदा भेटला तो इंग्रजीत नाही, वडिलांनी केलेल्या पोलिश भाषांतराच्या कागदांत.

मामाने सांभाळ केला. 1874 मध्ये, सतराव्या वर्षाच्या आत, तो मार्सेलला जाऊन खलाशी झाला. फ्रेंच त्याला आधीपासून येत होतं. इंग्रजी मात्र नाही. जून 1878 मध्ये लोस्टॉफ्ट बंदरात पहिल्यांदा इंग्लंडच्या जमिनीवर उतरला तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्याला मोजकेच इंग्रजी शब्द येत होते. मग कोळसा वाहणाऱ्या एका किनारी जहाजावर साध्या खलाशांच्या तोंडून तो ही भाषा शिकला. म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकाआधी शिव्या आणि दोरखंडांची नावं!

1880 मध्ये सेकंड मेटची परीक्षा पास. पुढची फर्स्ट मेटची पहिल्या खेपेला नापास. 1886 मध्ये कॅप्टनची, तीही पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्यांदा पास. त्याच वर्षी तो ब्रिटिश नागरिक झाला. पुढे आठवणी लिहिताना त्याने हे नापास होणं चक्क गाळून टाकलं. हे वाचून मला तो एकदम आपल्यातला वाटला. मीसुद्धा तो पेपर घरी दाखवलेला नाही.

आपल्या बाजूचा एक धागाही आहे. 1884 मध्ये तो मुंबईत 'नार्सिसस' जहाजावर चढला. त्या प्रवासावरून त्याने लिहिलेली कादंबरी 1897 मध्ये आली. पहिली कादंबरी, 'ऑलमेयर्स फॉली', 1895 ची. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

आता माझ्या अकरा खुणांकडे येते. पोलिश भाषेत 'अ' आणि 'द' नाहीतच. मराठीतही नाहीत. 'मुलगा आला' म्हटलं की कुठला मुलगा ते आपण संदर्भावरून ओळखतो, फारच गरज पडली तर 'एक' किंवा 'तो' लावतो. त्यामुळे पोलिश माणूस आणि आपण एकाच खड्ड्यात पडतो. कॉनरॅडही पडला. 'शुड' आणि 'वुड' यांची अदलाबदल, क्रियाविशेषण भलत्याच जागी, नामाच्या मागून ओळीने विशेषणं, कुठे फ्रेंच वळण. अभ्यासकांनी हे सगळं शोधून ठेवलंय. एडवर्ड गार्नेटसारखे मित्र हस्तलिखितं वाचून सुचवायचे, बायको जेसी टाइप करायची. फोर्ड मॅडॉक्स फोर्डबरोबर तर त्याने पुस्तकंही लिहिली. उच्चार शेवटपर्यंत इतका जड होता की भेटायला येणारे चकित व्हायचे.

पण त्या लांबट, विशेषणांनी भरलेल्या वाक्यांत चूक कुठे संपते आणि शैली कुठे सुरू होते, हे मला अजून सांगता येत नाही. माझ्या 'सिन्स मॉर्निंग'ला शैली म्हणता येणार नाही, एवढं कळतं.

त्याला मी देव्हाऱ्यात बसवत नाहीये. आफ्रिकेतल्या माणसांना त्याने माणूस म्हणून पाहिलंच नाही, असा आरोप 1975 मध्ये चिनुआ अचेबेने केला. मला तो बराचसा पटतो. आणि अचेबेचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती.

1924 मध्ये कॉनरॅडने सर हा किताब नाकारला. त्याच वर्षी 3 ऑगस्टला तो गेला. कँटरबरीच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा झाली आणि तिथल्याच दफनभूमीत त्याला पुरलं. थडग्याच्या दगडावर त्याचं 'तेओदोर' हे नाव कोरताना इंग्रजांनी स्पेलिंग चुकवलं. ते अजून तसंच आहे.