‘शीळ’ घरोघरी पोहोचवणारे जी. एन. जोशी

मराठी भावगीताचे आद्य गायक म्हणून जी. एन. जोशी यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १९०९ सालचा. शिक्षणाने ते वकील होते. ओढा मात्र गाण्याकडे होता.

त्या काळी मराठी रसिकांवर नाट्यसंगीताचे अधिराज्य होते. ताना-आलापांनी राग फुलवणे हेच गाण्याचे वैभव मानले जाई. अशा वेळी जोशी यांनी वऱ्हाडातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायनासाठी निवडली. देशपांडे हेही वकील आणि जन्माने १९०९ चेच. रानातून येणारी प्रियकराची शीळ ऐकून व्याकुळ झालेल्या ग्रामीण तरुणीचे हे मनोगत. जोशी यांनी सुरांपेक्षा शब्द आणि भाव यांना अग्रस्थान दिले. १९३० च्या दशकाच्या आरंभी निघालेली त्याची ध्वनिमुद्रिका मराठीतील पहिले ध्वनिमुद्रित भावगीत मानली जाते. कवीचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच हे प्रेमगीत लोकांच्या ओठी रुळले होते.

पुढे जोशी एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. स्वतःच्या गायनाहून इतरांचे स्वर जतन करण्यातच त्यांचे बहुतांश आयुष्य वेचले गेले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका त्यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाली. १९९४ साली त्यांचे निधन झाले.

वऱ्हाडच्या रानातील ती शीळ मात्र विरली नाही. दिल्लीच्या मयूर विहारातील एखाद्या मराठी घरातही ती आज जोशी यांच्याच स्वरात ऐकता येते.