लुडविग विंटहोर्स्ट यांचे अल्पचरित्र

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे गावोगाव काय घडते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांचा बाप्तिस्मा एकाच कुंडावर झाला, जे दर रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात, तेच लोक पक्षाच्या नावाखाली एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. निवडणूक एका दिवसात आटोपते; अबोला मात्र वर्षानुवर्षे टिकतो. हे पाहून काही सज्जन असे सुचवितात की, श्रद्धावंत मनुष्याने राजकारणाच्या वाटेस जाऊच नये. दुसरे काही म्हणतात की, त्या वाटेस गेल्यावर सौजन्य घरी ठेवूनच निघावे लागते. आम्हांस ही दोन्ही मते मान्य नाहीत. आणि ती का मान्य नाहीत हे वाद घालून सांगण्यापेक्षा एका थोर पुरुषाचे चरित्र सांगून दाखवावे, असे आम्ही योजिले आहे. आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या प्रसंगी ते वाचकांनी शांतपणे वाचावे, अशी आमची विनंती आहे.

लुडविग विंटहोर्स्ट यांचा जन्म १७ जानेवारी १८१२ रोजी उत्तर जर्मनीतील ओस्नाब्रुक शहराजवळ ऑस्टरकाप्पेल्न या गावच्या परिसरात एका कॅथलिक कुटुंबात झाला. ते लहान असतानाच वडील वारले व संसाराचा भार आईवर पडला. ओस्नाब्रुक येथील कारोलीनुम विद्यालयात शिक्षण आटोपून त्यांनी ग्योटिंगेन व हायडेलबर्ग येथील विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास केला आणि ओस्नाब्रुक येथे वकिली सुरू केली. देवाने त्यांना रूप दिले नव्हते. अंगाने ते अतिशय ठेंगणे होते, मस्तक मात्र मोठे, तोंड रुंद. दृष्टी तर इतकी अधू की, उतारवयात त्यांना जवळजवळ दिसतच नसे. कागद इतरांनी वाचून दाखवावा, यांनी स्मरणात साठवावा आणि सभागृहात टिपणाशिवाय बोलावे, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी हॅनोव्हर हे स्वतंत्र राज्य होते आणि तेथील राजा व बहुसंख्य प्रजा प्रोटेस्टंट होती. अशा राज्यात १८५१ साली विंटहोर्स्ट न्यायखात्याचे मंत्री झाले. मंत्रिपदावर चढलेले ते तेथील पहिले कॅथलिक होत. १८६२ साली त्यांना हेच पद पुन्हा मिळाले. परंतु १८६६ साली प्रशियाने युद्धात हॅनोव्हर जिंकून आपल्या राज्यास जोडले आणि राजा पाचवा जॉर्ज पदच्युत झाला. पुष्कळांनी रातोरात निष्ठा बदलली. विंटहोर्स्ट यांनी तसे केले नाही. पदच्युत राजाच्या मालमत्तेसंबंधीची बोलणी त्यांनीच केली. तथापि त्यांनी बंडाचाही मार्ग धरिला नाही. १८६७ साली मेप्पेन मतदारसंघाने त्यांना निवडून दिले आणि त्या मतदारसंघाचे ते मरेपर्यंत प्रतिनिधी राहिले.

१८७० च्या अखेरीस सेंट्रम, म्हणजे मध्यपक्ष, या नावाचा पक्ष स्थापन झाला. त्याचे बहुतेक सभासद कॅथलिक होते. परंतु हा पक्ष केवळ कॅथलिकांचा असावा, हे विंटहोर्स्ट यांना पसंत नव्हते. सर्वांचा कायदेशीर हक्क राखणारा पक्ष तो व्हावा आणि प्रोटेस्टंटांसही त्यात जागा असावी, अशी त्यांची इच्छा होती. १८७४ साली त्यांचे सहकारी मालिंक्रोट निधन पावल्यावर पक्षाची धुरा त्यांच्याच खांद्यावर आली.

आणि ती धुरा हलकी नव्हती. चान्सेलर प्रिन्स बिस्मार्क यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेविरुद्ध जी मोहीम चालविली, तिला जर्मन भाषेत कुल्टुरकाम्फ, म्हणजे संस्कृतीसाठी युद्ध, असे नाव पडले. १८७१ साली धर्मगुरूंच्या प्रवचनांवर कायद्याचा बडगा आला. १८७२ साली जेज्वीट संघास देशबंदी झाली. १८७३ च्या मे महिन्यातील कायद्यांनी धर्मगुरूंचे शिक्षण व नेमणूक सरकारच्या हाती नेली. १८७५ साली कायदा न मानणाऱ्या धर्मप्रांतांचे सरकारी वेतन बंद झाले. अनेक बिशप तुरुंगात किंवा परदेशी गेले. प्रशियातील सुमारे ४,६०० धर्मग्रामांपैकी एक हजारांहून अधिक धर्मग्राम धर्मगुरूवाचून ओस पडले. सरकारच्या संमतीवाचून नेमलेल्या धर्मगुरूने मिस्सा अर्पण केली किंवा मरणाऱ्यास अंत्यसंस्कार दिले, तरी तो गुन्हा ठरे. ज्या घरात म्हातारी आई मृत्युशय्येवर धर्मगुरूची वाट पाहत डोळे मिटते, त्या घरात राग किती साचत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. मुंबईचे मिशन त्यापूर्वीच जर्मन जेज्वीट धर्मगुरूंच्या हाती आलेले होते आणि मुंबईचे सेंट झेव्हियर्स कॉलेज त्यांनी १८६९ साली स्थापिले होते. स्वदेशाचे दार बंद झाल्यावर त्या संघाचे पुष्कळ लोक परदेशी मिशनांकडे वळले. १८७८ साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात जे कॅथलिक मिशन सुरू झाले, तेही याच जर्मन धर्मगुरूंचे काम होय. बर्लिनमध्ये ज्यांच्या हक्कासाठी विंटहोर्स्ट झगडत होते, त्यांचे बांधव आमच्या पूर्वजांना मराठीतून धर्मशिक्षण देत होते.

आता ते झगडले कसे, हे पाहू. जानेवारी १८७२ मध्ये बिस्मार्क यांनी प्रशियाच्या सभागृहात त्यांच्यावर नाव घेऊन हल्ला केला आणि अशा मनुष्याची संगत सोडावी, असे पक्षास सुचविले. विंटहोर्स्ट उठले. जुन्या राजघराण्याविषयीचे आपले प्रेम त्यांनी नाकारले नाही. परंतु शास्त्राच्या आज्ञेप्रमाणे विद्यमान सत्तेच्या अधीन राहणे आपले कर्तव्य आहे, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. पक्षाने त्यांची संगत सोडली नाही. पुढे जवळजवळ वीस वर्षे हे दोन पुरुष समोरासमोर उभे राहिले. बिस्मार्क यांनी आपला त्यांच्याविषयीचा द्वेष कधी लपविला नाही. विंटहोर्स्ट यांची वाणीही गुळमट नव्हती. त्यांच्या विनोदाला धार होती, ती प्रतिपक्षास लागे, आणि ते काही प्रत्येक वेळी संतासारखे बोलले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यांचे शस्त्र म्हणजे युक्तिवाद, सभागृहाचे नियम आणि हास्य एवढेच होते. सभागृह हसले म्हणजे क्रोध ओसरतो, हे त्यांस ठाऊक होते. धर्मगुरूने मिस्सा करणे व संस्कार देणे यास शिक्षा नसावी, असा प्रस्ताव ते १८८० पासून पुन्हा पुन्हा आणीत. तो फेटाळला जाई; ते पुन्हा आणीत.

१८७४ च्या जुलै महिन्यात किसिंगेन येथे कुल्मान नावाच्या एका कॅथलिक तरुणाने बिस्मार्क यांच्यावर पिस्तूल झाडले. चान्सेलरांच्या हातास जखम झाली. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी भर सभागृहात त्या अपराध्याचे नाते सेंट्रम पक्षाशी जोडले आणि मोठा गदारोळ उडाला. एका माथेफिरूच्या कृत्याने सबंध समाजाची बाजू कशी काळवंडते, हे त्या दिवशी जर्मनीतील कॅथलिकांस कळून चुकले. ज्यांना वाटते की न्याय्य कारणासाठी हात उगारला तर बिघडत नाही, त्यांनी हा प्रसंग विसरू नये.

१८७८ साली बादशहा पहिला विल्हेल्म यांच्यावर दोनदा प्राणघातक हल्ला झाला आणि बिस्मार्क यांनी समाजवाद्यांविरुद्ध खास कायदा आणला. समाजवाद्यांचे धर्मविषयक विचार कॅथलिकांस असह्य होते. आता छळाची पाळी दुसऱ्यांवर आली आहे, असे म्हणून स्वस्थ बसणे अगदी सोपे होते. तरीही सेंट्रम पक्षाने या कायद्याविरुद्ध मत दिले; कारण एका वर्गासाठी वेगळा कायदा करणे हाच मूळ अन्याय, अशी विंटहोर्स्ट यांची धारणा होती. पुढे त्यांच्याच पक्षातील काही लोक ढळले. ते ढळले नाहीत. १८८० साली प्रशियात यहुद्यांचे हक्क कमी करण्याची चळवळ माजली, तेव्हाही त्यांनी यहुद्यांच्या समान नागरिकत्वाची बाजू घेतली आणि आपल्या पक्षास त्या चळवळीत वाहून जाऊ दिले नाही. स्वतःच्या पक्षातील रागावलेल्या माणसांस आवरणे हे प्रतिपक्षास उत्तर देण्यापेक्षा कठीण काम आहे. ते त्यांनी केले.

सर्वांत कठीण कसोटी १८८७ साली आली. सात वर्षांचा लष्करी खर्च एकदम मंजूर करावा, अशी बिस्मार्क यांची मागणी होती. ख्रिस्तसभेविरुद्धचे कायदे सैल होऊ लागले होते, म्हणून सेंट्रमने ही मागणी मान्य करावी, अशी इच्छा परमगुरू तेरावे लिओ यांच्या वतीने कार्डिनल याकोबीनी यांनी कळविली. पक्षाने ती मानली नाही. ऐन निवडणुकीच्या तोंडावर कार्डिनलांचे पत्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. पंच्याहत्तर वर्षांचा हा वृद्ध, जो पोपमहाशयांच्या हक्कासाठी आयुष्यभर लढला, तोच आता पोपमहाशयांचा अवज्ञाकारी ठरविला जाऊ लागला. ६ फेब्रुवारी रोजी कोलोन शहरी मोठ्या सभेत ते बोलावयास उभे राहिले. त्यांनी परमगुरूंविषयी अनादराचा एक शब्द उच्चारला नाही. त्या पत्रात पक्षाच्या कार्याची जी प्रशंसा होती ती त्यांनी कृतज्ञतेने पुढे मांडली. आणि श्रद्धेच्या गोष्टीत आज्ञापालन, परंतु लौकिक राजकारणात स्वतःच्या विवेकाने निर्णय, हा भेद विनयपूर्वक समजावून दिला. मतदारांनी पक्षाची साथ सोडली नाही. त्याच वर्षी छळाचे बहुतेक कायदे मागे घेण्याचे काम पुरे होत आले. जेज्वीटांवरील बंदी मात्र १९१७ पर्यंत पूर्णपणे उठली नाही.

१८९० साली कॅथलिकांची एक मोठी संघटना उभारण्याचे घाटत होते. प्रोटेस्टंटांच्या टीकेस टीकेनेच उत्तर देणारी संस्था असावी, असे काहींचे म्हणणे होते. विंटहोर्स्ट यांनी तिला वेगळे वळण दिले. वाद वाढविण्यापेक्षा कामकरी लोकांस सामाजिक प्रश्नांचे ज्ञान द्यावे, या हेतूने फोल्क्सफेराइन, म्हणजे लोकसंघ, स्थापन झाला.

त्याच वर्षी १२ मार्च रोजी बिस्मार्क यांनी आपल्या या जुन्या प्रतिपक्षास भेटीस बोलाविले. चान्सेलरांची सत्ता डळमळत होती. विंटहोर्स्ट गेले. ज्याने आपल्या लोकांस इतका त्रास दिला त्याचे पतन पाहून त्यांस आनंद व्हावयाचा. परंतु त्यांनी त्यांना पद न सोडण्याचाच सल्ला दिला. थोड्याच दिवसांत बिस्मार्क पदावरून दूर झाले.

१४ मार्च १८९१ रोजी फुप्फुसाच्या दाहाने बर्लिन येथे विंटहोर्स्ट यांचे निधन झाले. त्यांनी संपत्ती मागे ठेवली नाही. लोक त्यांस जे देत, ते हॅनोव्हर येथे पवित्र मरियेच्या नावाने बांधावयाच्या मंदिरासाठी ते घेत. ते मंदिर त्यांच्या हयातीतच उभे राहिले आणि त्यातच त्यांचा देह ठेवण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात त्या मंदिराची नासधूस झाली. ते पुढे पुन्हा बांधण्यात आले.

आपले मंदिरही असेच अनेकांच्या हातांनी उभे राहिले आहे. ज्यांनी दगड वाहिले, ज्यांनी पैपैसा दिला, त्यांची मते सर्व बाबतींत एकच होती असे नाही. आम्ही कोणास कोणत्या पक्षास मत द्यावे हे सांगत नाही. ते ज्याचे त्याने प्रार्थनापूर्वक ठरवावे. एवढेच म्हणतो की, आपली बाजू ठामपणे मांडावी, परंतु प्रतिपक्षाच्या तोंडी न बोललेले शब्द घालू नयेत. जो हक्क आपल्यासाठी मागतो तो आपल्यास न आवडणाऱ्यासही द्यावा. आणि आपल्याच बाजूच्या माणसाची जीभ सुटली तर प्रथम आपणच ती आवरावी. या ज्युबिलीच्या मिस्सेस येताना ज्यांच्याशी अबोला आहे त्यांच्या दारावरून आधी जावे आणि मग वेदीकडे यावे. प्रभू येशू ख्रिस्त आपल्या सर्वांस ही कृपा देवो.