ऐंशी तासांत फुटलेली नळी

पऱ्हाटी चार पानांवर आली की अकोटच्या कृषी केंद्रांसमोर युरियासाठी गर्दी होते. आपल्यापैकी कित्येकांनी ती 45 किलोची बॅग बाबांच्या मागे गाडीवर बसून घरी आणली असेल. युरिया बनतो अमोनियापासून, आणि अमोनिया म्हटलं की केमिस्ट्रीत आपण हेबरचं नाव लिहून मार्क घेतो. त्याच्या जोडीचा कार्ल बॉश मात्र बहुतेकांना आठवत नाही. (ड्रिल मशीनवाला बॉश तो हा नव्हे. ती कंपनी त्याच्या काकांची.)

कार्लचा जन्म 1874 चा, कोलोन शहरातला. वडिलांचा नळ आणि गॅसच्या सामानाचा व्यवसाय होता, त्यामुळे पोरगा लहानपणापासून पाईप-पान्यांत रमलेला. आधी लोखंडाच्या कारखान्यात उमेदवारी, मग धातुशास्त्र आणि शेवटी केमिस्ट्रीत डॉक्टरेट. 1899 मध्ये तो बीएएसएफ कंपनीत लागला.

1909 मध्ये फ्रिट्झ हेबरने हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आणून टेबलावरच्या यंत्रात अमोनिया थेंब-थेंब काढून दाखवला. त्याचा कारखाना उभा करायची जबाबदारी बॉशवर आली. पाचशे-सहाशे अंश तापमान, हवेच्या दोनशे पट दाब! एवढं सोसणारं भांडं जगात कुणी बनवलेलंच नव्हतं. पहिल्या दोन पोलादी नळ्या साधारण ऐंशी तास चालल्या आणि फुटल्या.

बॉशने ते तुकडे तपासायला घेतले. त्याचं धातूचं शिक्षण इथं कामी आलं. पोलादाला ताकद देतो तो त्यातला कार्बन. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरायचा, त्या कार्बनशी संयोग पावून मिथेन बनवायचा आणि पोलाद आतून ठिसूळ व्हायचं. भिंत जाड करून उपयोग नव्हता, हायड्रोजन तिच्यातही शिरलाच असता.

1911 मध्ये त्याने वेगळाच मार्ग काढला. नळीला आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं. त्यात कार्बन जवळपास नाहीच, म्हणजे हायड्रोजनला खायला काही नाही. दाब सोसायचं काम बाहेरच्या पोलादाचं. अस्तरातून जो थोडा वायू झिरपेल, त्याला निघून जायला बाहेरच्या पोलादात बारीक छिद्रं पाडली! मला तर ही छिद्रंच सगळ्यात भारी वाटतात. वायूला अडवायचा हट्ट सोडला आणि नळी टिकली.

हा हायड्रोजन तेव्हा लालभडक कोकवर वाफ सोडून मिळवत, म्हणजे गॅसिफायरमधून. आजच्या गॅसिफायरमध्ये गंधक, क्लोरीन आणि वितळलेली राख धातूच्या नळ्या खातात. त्यावर एक उपाय म्हणजे ॲल्युमिनासारख्या सिरॅमिकचा पातळ थर. भांडण तेच: सोसणारा धातू वेगळा, झेलणारा थर वेगळा. फक्त तापल्यावर धातू जास्त फुगतो, सिरॅमिक कमी, आणि थराला तडे जातात. ओडिशातल्या तालचेरला कोळशापासून युरिया बनवायचा प्रकल्प उभा राहतोय, त्यात आपल्या मुंबईची आरसीएफ भागीदार आहे. तिथंही कोळशाचा गॅसच करायचा आहे.

1913 मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. खत निघू लागलं. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, चिलीहून येणारा सोरा बंद झाला आणि बॉशने सरकारला अमोनियापासून सोरा बनवून द्यायचा शब्द दिला. त्याच नळ्यांतून जर्मनीचा दारूगोळा निघू लागला. 1921 मध्ये ओपाऊतच खताच्या साठ्याचा स्फोट झाला, पाचशेहून जास्त माणसं गेली. कंपनीचा प्रमुख तेव्हा बॉशच होता.

1931 मध्ये त्याला नोबेल मिळालं. ज्यू शास्त्रज्ञांना नोकरीवरून काढू नका, असं त्याने 1933 मध्ये हिटलरला तोंडावर सांगितलं. उपयोग झाला नाही. आणि त्याच वर्षी त्याच्याच कंपनीने, आयजी फार्बेनने, कोळशापासून पेट्रोल बनवून द्यायचा करार नाझी सरकारशी केला. मला त्याच्या आयुष्यातलं हे कोडं काही सुटलं नाही.

शेवटची वर्षं निराशेत आणि दारूत गेली. एप्रिल 1940 मध्ये हायडेलबर्गला तो वारला, तेव्हा जर्मन विमानं आणि रणगाडे कोळशापासून बनवलेल्या पेट्रोलवरही धावत होते.