इल्या मेचनिकॉफ

इ. स. १८४५ साली युक्रेनमधील खारकोव शहराजवळच्या एका खेड्यात इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म झाला. त्या काळी हा प्रदेश रशियन साम्राज्यात होता. लहानपणापासून त्यांना वनस्पती व कीटक निरखण्याचा नाद होता. विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला.

१८८२ साली ते सिसिली बेटावरील मेसिना गावी राहत होते. घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता त्यांच्या मनात एक कल्पना चमकली. तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या शरीरात त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे पाहतात तो काट्यांभोवती शरीरातील फिरत्या पेशी गोळा झालेल्या! अशा पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे त्यांनी पुढे दाखवून दिले. अनेक विद्वानांनी विरोध केला, तरी ते डगमगले नाहीत. १८८८ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे माणसाला वार्धक्य का येते, या प्रश्नाने त्यांना पछाडले. मोठ्या आतड्यातील जंतू अन्न कुजवून विषे निर्माण करतात व ती रक्तात भिनून शरीर झिजते, असा तर्क त्यांनी मांडला. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी विरजलेले दूध पितात, हे त्यांना कळले होते. त्यातील जंतू कुजण्याची क्रिया रोखतील, या विश्वासाने ते स्वतः अनेक वर्षे असे दूध घेत असत. मोठे आतडे मात्र त्यांना निरुपयोगी, किंबहुना घातक वाटे. १९१६ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मोठ्या आतड्याविषयीचे त्यांचे हे मत पुढे चुकीचे ठरले. धान्यांचा कोंडा, कडधान्ये, भाज्या व फळे यांतील चोथा माणसाला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचला, की तेथील जंतू तो आंबवून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरिक आम्लावर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. शिवाय ही आम्ले अस्तरातील काही पेशींना चेतना देतात आणि त्या पेशी जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरके रक्तात सोडतात. पोट भरल्याची जाणीव मेंदूला करून देण्यात दोन्हींचा वाटा असतो. जीएलपी-१ हे स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटण्यासही साहाय्य करते. ज्या अवयवाला मेचनिकॉफ यांनी शत्रू मानले, तो असा माणसाचा मित्र निघाला.

तरीही त्यांची थोरवी उणावत नाही. आतड्यांतील जंतूंचा सर्व शरीरावर परिणाम होतो, हे सांगण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढील संशोधक गेले, म्हणूनच त्यांची चूकही उमगली. शास्त्राची वाटचाल अशीच होत असते.