अंगठा आणि रक्ताचे नाते ओळखणारे फॅन्कोनी

गुइदो फॅन्कोनी यांचा जन्म १८९२ मध्ये स्वित्झर्लंडमधील पोस्कियाव्हो येथे झाला. झुरिचच्या बालरुग्णालयात त्यांची हयात गेली. १९२९ मध्ये ते तिथले प्रमुख झाले. त्याआधी, १९२७ मध्ये, त्यांनी एकाच घरातील तीन भावांचा आजार नोंदवला. तिघांचे रक्त घटत चालले होते आणि तिघांत जन्मजात दोषही होते. दोन्हींचे मूळ एकच व आनुवंशिक आहे, हे त्यांनी ताडले. पुढे आजाराला त्यांचेच नाव मिळाले: फॅन्कोनी अ‍ॅनिमिया.

अंगठा लहान असणे किंवा नसणे, खुजेपणा, कातडीवर तपकिरी डाग, मूत्रपिंडातील दोष ही याची लक्षणे. काही मुलांत व्यंग दिसतही नाही. रक्त मात्र बहुधा शाळकरी वयात घटू लागते. सदोष जनुक बहुतेकदा आई-वडील दोघांकडून येते; म्हणून मामेबहिणीशी लग्न झाल्यास धोका वाढतो.

फॅन्कोनी १९७९ मध्ये निवर्तले, पण त्यांचा धडा भातकुलीतही लागू पडतो. अंगठ्यात व्यंग असलेले मूल फिके पडू लागले, तर लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये. रक्ताची व गुणसूत्रांची तपासणी करावी. भावंडांचीही करावी, कारण अस्थिमज्जा देणारा धडधाकट भाऊही त्याच आजाराचा असू शकतो.